शेवटची न दिसणारी ओळ

नेटवर्क स्विचवर ॲक्सेस लिस्ट लावावी की नाही, या वादात दोन्ही बाजूंची माणसं सहसा हुशार असतात, म्हणूनच तो मिटत नाही. तो नीट ऐकता यावा म्हणून मी इथे दोघांना समोरासमोर बसवलं आहे. नाना मिरजेकडच्या एका दोनशे खाटांच्या रुग्णालयाचं नेटवर्क पहिल्या केबलपासून सांभाळत आलेले, निवृत्तीला टेकलेले. रेवती पुण्याहून सुरक्षा तपासणीसाठी आलेली, वयाने त्यांच्या मुलीएवढी. दोघंही कल्पित, रुग्णालयही कल्पित. मुद्दे मात्र कुठल्याही सर्व्हर रूममध्ये कानावर पडतील असे. रेवतीच्या अहवालात एक शेरा आहे: कोअर स्विचवर विभागाविभागांमध्ये कसलाच अटकाव नाही. नानांना तो झोंबला आहे.

नाना : अटकाव नाही म्हणजे काय? गेटवर फायरवॉल आहे ना. ट्रस्टींच्या किती विनवण्या करून तो घेतला, माझं मला माहीत.

रेवती : फायरवॉल चांगलाच आहे, नाना. पण इंटरनेटकडे जाणारी-येणारी वाहतूक तेवढीच त्याच्यासमोरून जाते. बिलिंगच्या पीसीवरून लॅबच्या सर्व्हरकडे निघालेलं पॅकेट कोअर स्विचपर्यंत येतं आणि तिथूनच लॅबकडे वळतं. फायरवॉलला त्याचा पत्ताही लागत नाही. तुमच्याकडे मेन गेटवर पास बघतात, तरी आयसीयूच्या दाराशी वेगळा माणूस बसवलाय की नाही?

नाना : बसवलाय. आणि तो जागेवर नसला की ब्लड बँकेचा पोरगा पिशवी हातात घेऊन बाहेर ताटकळतो, तेही बघितलंय मी.

रुग्णालयाचं नेटवर्क व्हीलॅनमध्ये वाटलेलं असतं: बिलिंगचा एक, लॅबचा एक, एक्स-रे नि सीटी स्कॅनचा एक, कॅमेऱ्यांचा एक, सर्व्हरचा एक. एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात जायचं तर कोअर स्विचवरूनच जावं लागतं. ॲक्सेस लिस्ट त्या वळणावर लावतात. पॅकेट आलं की स्विच पहिल्या ओळीपासून तपासत जातो. जी ओळ लागू पडली तिथे निकाल, पुढच्या ओळींकडे तो बघतही नाही. एकही लागू पडली नाही तर पॅकेट टाकून दिलं जातं. सिस्कोच्या स्विचवर ही शेवटची ‘सगळ्यांना मनाई’ कॉन्फिगमध्ये कुठेही लिहिलेली दिसत नाही, पण प्रत्येक लिस्टच्या तळाशी असते. किती नेटवर्कवाल्यांच्या रात्री या न दिसणाऱ्या ओळीने खाल्ल्या असतील, याची मोजदाद नाही.

नाना : त्याच ओळीची धास्ती आहे मला. फायरवॉलवर चूक झाली तर इंटरनेट बंद पडतं. लोक चार शिव्या घालतात, पण रुग्णालय चालू राहतं. कोअरवर चूक झाली तर लॅबचा रिपोर्ट वॉर्डात पोचत नाही.

रेवती : आणि आत कसलाच अटकाव नसला तर काय होतं, ते न्हावा शेवाला बघितलं आपण. २७ जून २०१७. नॉटपेट्या नावाचा किडा युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला, मर्स्क या जहाज कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरला, आणि तिथल्या जेएनपीटी बंदरातलं त्यांच्याच गटाचं गेटवे टर्मिनल ठप्प झालं. कुठे युक्रेन आणि कुठे उरण! मर्स्कला पुढे ४५ हजार पीसी आणि ४ हजार सर्व्हर नव्याने उभे करावे लागले. एवढ्या मोठ्या कंपनीकडे काय फायरवॉल नव्हता?

नाना : नॉटपेट्याबद्दल मीही वाचलंय, बाई. ४४५ पोर्टवर विंडोजमध्ये जे भोक होतं, त्यातून तो पसरत होता, खरं आहे. पण भोक बुजवलेल्या मशीनवरही तो चोरलेल्या पासवर्डने घुसत होता. तुझी लिस्ट पासवर्ड ओळखते का?

रेवती : नाही ओळखत. पण चोरलेला पासवर्ड वापरायलाही त्याला ४४५ नाहीतर १३५ वरूनच आत यावं लागत होतं. बिलिंगच्या पीसीचं सीटी स्कॅनच्या पीसीशी ४४५ वर काय काम?

नाना : काही नाही. पण बिलिंगच्या एका पीसीचं शेजारच्या बिलिंगच्या पीसीशी तरी काय काम? ते दोघं एकाच व्हीलॅनमध्ये आहेत. त्यांचं पॅकेट मजल्यावरच्या छोट्या स्विचमधूनच इकडून तिकडे जातं. कोअरवर व्हीलॅनच्या इंटरफेसवर तू शंभर ओळी लिही, एकीच्याही नजरेला ते पडणार नाही.

रेवती : हे मान्य. तिथे त्या छोट्या स्विचच्या पोर्टवरच लिस्ट लावायची, किंवा पोर्ट ‘प्रोटेक्टेड’ करून टाकायचे, म्हणजे शेजारी शेजाऱ्याशी बोलूच शकत नाही.

नाना : त्याच स्विचवरचे शेजारी. वरच्या मजल्यावरच्या स्विचवर त्याच व्हीलॅनचे पीसी असतील तर ते मोकळेच राहिले.

रेवती : राहू देत. बिलिंगचं पेटलं तर बिलिंगच जळेल, लॅब तरी वाचेल. आज तेवढंही नाही.

सुरक्षा अहवाल लिहिणारे नानांच्या या मुद्द्यावरून अनेकदा घाईने पुढे जातात. ‘व्हीलॅन आहेत, लिस्ट आहे, झालं’ एवढ्यावर समाधान मानलेली कितीतरी कार्यालयं असतील. रेवती तसं करत नाही, म्हणून नाना तिला खुर्ची पुढे ओढून देतात आणि आपल्या स्क्रीनवर कोअर स्विचवरची एकमेव जुनी लिस्ट उघडतात. ती सर्व्हरच्या व्हीलॅनवर लावलेली आहे. सात-आठ ओळींच्या मधोमध ही एक:

डिनाय यूडीपी एनी एनी ईक्यू १४३४

नाना : ही ओळ कशाची, सांग.

रेवती : १४३४... स्लॅमर?

नाना : शाब्बास. २५ जानेवारी २००३, शनिवार. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमधल्या एका चुकीवर बेतलेला ३७६ बाइटचा किडा. अख्खा एका यूडीपी पॅकेटमध्ये मावायचा. जगातले बहुतेक कच्चे सर्व्हर दहा मिनिटांत त्याने धरले. तेव्हा ज्याच्या-त्याच्या राउटरवर लोकांनी हीच ओळ घातली, मीही घातली. पुढे स्विच बदलला तेव्हा जुना कॉन्फिग नव्यावर चढवला, तो पुन्हा बदलला तेव्हा पुन्हा. ओळ राहिली. मध्यंतरी लॅबचं नवं सॉफ्टवेअर आलं. त्याचा डेटाबेस सर्व्हरच्या व्हीलॅनमधल्या एसक्यूएल सर्व्हरवर, पण वेगळ्या नावाच्या इन्स्टन्सवर. तसल्या इन्स्टन्सचा पोर्ट विचारायला क्लायंट कुठे जातो?

रेवती : १४३४ यूडीपी. एसक्यूएल ब्राउझर तिथेच बसलेला असतो.

नाना : सर्व्हरवाला म्हणतोय सर्व्हर चालू आहे, सॉफ्टवेअरवाला म्हणतोय नेटवर्कचा घोळ आहे, आणि मी छाती ठोकून सांगतोय की आपल्याकडे आत कुठेही अटकाव नाही! पुरा एक दिवस लॅबने रिपोर्ट हाताने लिहिले. लिस्ट लावणं अवघड नाही गं. लावलेली लिस्ट कशासाठी लावली होती, हे लक्षात ठेवायला कोणी उरत नाही.

रेवती : नाना, ही गोष्ट माझ्या बाजूची आहे. तुम्ही भीती आली तशी ओळ घातलीत. सगळ्यांना मोकळीक, आणि मध्ये एकेक मनाई. भीती जुनी झाली तरी मनाई तशीच राहते, कारण ती काढली तर काय होईल हे कोणालाच सांगता येत नाही. याच्या उलट लिहा: ज्याचं काम आहे त्याला परवानगी, बाकी सगळं त्या न दिसणाऱ्या ओळीवर सोडा. मग प्रत्येक ओळीमागे एक चालू काम असतं. काम संपलं की ओळ काढता येते.

नाना : आणि काम काय आहे ते कोण सांगणार? लॅबवाल्यांना विचार, तुमचं मशीन कुठल्या पोर्टवर बोलतं? ते म्हणतील, सर, ती निळी वायर आहे ना, तिच्यावर.

हसण्यावारी नेलं तरी अडचण खरी आहे, आणि माझ्या मते सगळ्या विषयाचं मर्म तिथेच आहे. कोण कोणाशी बोलतं, हे बहुतेक संस्थांना ठाऊकच नसतं. लिस्ट लिहायला बसलं की ते अज्ञान उघडं पडतं. म्हणून रेवती आधी सगळ्यात सोपं पोर घेते: कॅमेरे. कॅमेऱ्याला रेकॉर्डरशी बोलायचं असतं, घड्याळ जुळवायचं असतं. बाकी त्याने कोणाशीही बोलू नये. स्वस्त कॅमेऱ्यांचे पासवर्ड कारखान्यातून आले तसेच राहिलेले असतात, त्यामुळे घुसखोराला बस्तान मांडायला ती आवडती जागा. ती कागदावर लिहिते:

परमिट आयपी १०.१०.५०.० ०.०.०.२५५ होस्ट १०.१०.१०.१५
परमिट यूडीपी १०.१०.५०.० ०.०.०.२५५ होस्ट १०.१०.१०.५ ईक्यू १२३
डिनाय आयपी एनी एनी लॉग

नाना : शेवटची मनाई आपोआप असतेच, मग तिसरी ओळ कशाला?

रेवती : आपोआपची मनाई मुकी असते. आपण लिहिलेली, मागे ‘लॉग’ लावलेली, कोणाला अडवलं ते सांगते.

नाना : सांगते, पण स्विचच्या जिवावर. एरवी लिस्टची तपासणी हार्डवेअरमध्ये होते, टीकॅम नावाच्या मेमरीत, म्हणून वेग कमी होत नाही. ‘लॉग’ लावलंस की त्या ओळीवर अडलेली पॅकेटं सीपीयूकडे जातात. एखादा कॅमेरा बिघडून सैरावैरा ओरडायला लागला तर?

रेवती : म्हणून कायमचं नाही. घडी बसेपर्यंत. आता दिशा. कॅमेऱ्यांच्या व्हीलॅनच्या इंटरफेसवर ही ‘इन’ला लावायची.

नाना : इथे सगळी पोरं चुकतात. कॅमेऱ्यांच्या खोलीत उभं राहून विचार करतात आणि ‘बाहेर जाणारं’ म्हणून ‘आउट’ला लावतात. स्विचच्या पोटात उभं राहायचं. व्हीलॅनमधून स्विचमध्ये शिरतंय ते ‘इन’, स्विचमधून व्हीलॅनकडे निघालंय ते ‘आउट’.

रेवती : आणि मास्क. सवयीने २५५.२५५.२५५.० लिहितात. इथे मास्क उलटा असतो: शून्य म्हणजे ‘हे तंतोतंत जुळलं पाहिजे’, २५५ म्हणजे ‘इथे काहीही चालेल’. नेहमीचा मास्क घातला की अर्थ होतो, पहिले तीन आकडे कुठलेही चालतील, शेवटचा मात्र शून्यच हवा. असा पत्ता कुठल्या कॅमेऱ्याला असतो?

नाना : कोणालाच नसतो. म्हणजे परवानगीची ओळ दिसते छान, लागू कोणालाच पडत नाही, आणि खालची मनाई सगळ्यांना गिळते. स्विच चकार शब्द बोलत नाही, कारण लिहिण्यात चूक नसते.

कॅमेऱ्यांवर दोघांचं जमलं. लॅबवर बिनसलं. लॅबचा सर्व्हर लॅबच्याच व्हीलॅनमध्ये आहे आणि बिलिंग त्याच्याकडून रिपोर्ट ओढतं. लॅबच्या ‘इन’ला लिस्ट लावली की सर्व्हरची उत्तरंही त्या लिस्टमधूनच जाणार. फायरवॉल प्रश्न लक्षात ठेवतो आणि उत्तराला आपोआप वाट देतो. स्विचची लिस्ट विसरभोळी आहे: प्रत्येक पॅकेट तिला नवंच. त्यावर तोड म्हणून टीसीपीच्या ओळीमागे ‘एस्टॅब्लिश्ड’ लावतात.

नाना : तो शब्द फसवा आहे. कनेक्शन खरंच जुळलंय का, हे स्विच बघतच नाही. पॅकेटवर एसीके किंवा आरएसटीची खूण आहे एवढंच बघतो. ती खूण कोणीही रंगवून आणू शकतो.

रेवती : आणू शकतो, पण तेवढ्यावर नवं कनेक्शन उघडत नाही. पहिल्या एसवायएन पॅकेटवर ती खूण नसते, म्हणून ते अडतं. मला तेवढं पुरे. अगदीच बारीक काम हवं तिथली वाहतूक फायरवॉलकडे वळवू.

नाना : बरं, पीसींना पत्ते डीएचसीपीने मिळतात. तू लिहिणार, लॅबच्या पत्त्यांना परवानगी, बाकी मनाई. नुकत्याच सुरू झालेल्या पीसीला पत्ता कुठे असतो? तो ०.०.०.० वरून सगळ्यांना उद्देशून हाक मारतो. तुझ्या लिस्टमध्ये तो लॅबचा नाहीच.

रेवती : त्यासाठी वर एक ओळ. यूडीपी ६८ वरून ६७ ला जाणाऱ्याला परवानगी.

नाना : तुला ठाऊक आहे. पण ज्याला ठाऊक नसतं त्याचं काय होतं माहितीये? तो लिस्ट संध्याकाळी लावतो. सगळं चालू दिसतं, कारण पत्ते आधीच मिळालेले असतात. खूश होऊन घरी जातो. सकाळी लॅबची पोरं पीसी सुरू करतात, एकालाही पत्ता मिळत नाही, आणि बाहेर उपाशीपोटी रक्त द्यायला आलेल्यांची रांग.

लिस्टची चूक लगेच दिसत नाही, हे इथलं खरं दुखणं. दिसते तेव्हा मात्र ती लावणारा माणूस अनेकदा स्वतःच बाहेर अडकलेला असतो. त्याचा नेहमीचा प्रकार असा: इंटरफेसवर लिस्टचं नाव आधी लावायचं, ओळी मागून टाइप करायच्या. लिस्ट रिकामी असते तोवर सिस्कोचा स्विच सगळं जाऊ देतो. पहिली ओळ टाइप केली रे केली की लिस्ट अस्तित्वात येते, तळाची मनाई जागी होते, आणि दुसरी ओळ टाइप करायला सेशन उरत नाही.

रेवती : लांबून काम करताना आधी ‘रीलोड इन १०’ द्यायचं आणि कॉन्फिग सेव्ह करायचा नाही. अडकलात तर दहा मिनिटांनी स्विच स्वतः रीस्टार्ट होऊन जुन्या कॉन्फिगवर येतो. सगळं ठीक असेल तर ‘रीलोड कॅन्सल’.

नाना : हे कॉलेजात ठीक. इथे कोअर रीस्टार्ट व्हायला लागणारी मिनिटं कोणाच्या नावावर लिहायची? आयसीयूच्या?

रेवती : मग रिव्हर्ट टायमर. ठरलेल्या वेळात तुम्ही ‘कन्फर्म’ दिलं नाही तर नुसता कॉन्फिग मागे येतो, स्विच चालूच राहतो. आधी आर्काइव्ह लावून ठेवावं लागतं, एवढंच.

नाना : ते लावू. पण माझी पद्धत ऐक. चालू लिस्टला हात लावायचा नाही. नवी लिस्ट नव्या नावाने लिहायची, नावातच तारीख. पूर्ण वाचून बघायची. मग इंटरफेसवर एका कमांडने जुनीच्या जागी नवी. बिघडलं तर एका कमांडने परत जुनी. आणि त्या वेळी मी लॅपटॉप आणि कन्सोलची केबल घेऊन स्विचसमोर उभा. कन्सोलला कुठलीच लिस्ट अडवत नाही.

इथे मी नानांच्या बाजूने आहे. टायमर चांगलेच, पण रुग्णालयासारख्या ठिकाणी शहाण्या कमांडपेक्षा स्विचसमोर उभा असलेला माणूस बरा.

रेवती : आणि जुन्या ओळींचं? ‘शो ॲक्सेस-लिस्ट’ दिलं की कुठल्या ओळीवर किती पॅकेटं लागली ते दिसतं. ज्यांच्यापुढे शून्य, त्या काढून टाकू.

नाना : थांब! या जातीच्या जुन्या स्विचवर तो आकडा सीपीयूकडे गेलेल्या पॅकेटांचाच असतो. हार्डवेअरमध्ये निपटलेली त्यात धरलेली नसतात. शून्य दिसणारी ओळ दिवसभर राबत असेल. हार्डवेअरचे आकडे वेगळ्या कमांडने बघायचे, तेही ओळीवार मिळतील याची खात्री नाही.

रेवती हे वहीत टिपून घेते. (पुस्तकात हे असतं, पण तळटीपेत.) त्यानंतर पत्ता म्हणजे माणूस नव्हे, लॅबच्या सॉकेटला कोणीही लॅपटॉप लावला तर त्याला लॅबचाच पत्ता मिळेल, त्यासाठी आधी ओळख पटवून घेणारं ८०२.१एक्स हवं, अशी एक फेरी झाली. दोघांचं एकमत होतं आणि पैसे नव्हते, त्यामुळे ती लवकर संपली. राहिली रेडिओलॉजी.

रेवती : तिथे पहिल्यापासून मनाई नको. तळाला ‘परमिट आयपी एनी एनी लॉग’ लावू. सगळं जाऊ दे, फक्त कोण जातंय ते कळू दे. दोन आठवड्यांत चित्र दिसेल. मग परमिटचं डिनाय करू.

नाना : परमिटला लॉग लावलंस तर सीटी स्कॅनच्या एकेका तपासणीतल्या शेकडो प्रतिमांची पॅकेटं सीपीयूच्या दाराशी जाऊन उभी राहतील. प्रतिमांचा सर्व्हर आपल्याला ठाऊक आहे, त्याची परवानगी वर लिही, लॉग न लावता. उरलंसुरलं तेवढं लॉगमध्ये जाऊ दे. आणि दोन आठवडे पुरणार नाहीत. महिनाअखेरीला विम्याची बिलं जातात, त्यात स्कॅन जोडतात. मशीनच्या सर्व्हिसचा माणूस तीन महिन्यांनी येतो.

रेवती : तीन महिने उघडं ठेवायचं?

नाना : दीड. आणि सर्व्हिसवाल्याला फोन करून आधीच विचारू, तुझं मशीन कुठल्या पत्त्याशी बोलतं.

रेवती : ते लेखी घ्या. त्याची एक ओळ लिहू, वर रिमार्कमध्ये विभागाचं नाव, कोणी मागितली, कधीपर्यंत.

नाना : तो लेखी देणार नाही. मागे मी फायरवॉलवर त्याचं बंद केलं होतं, तर पुढच्या खेपेला मशीनच्या मागे सिमकार्डवाला राउटर चिकटवून गेला. अजून आहे तिथे.

रेवती : अजून आहे? म्हणजे सीटी स्कॅनचा पीसी एका बाजूला तुमच्या व्हीलॅनमध्ये आणि दुसऱ्या बाजूला थेट मोबाइल नेटवर्कवर?

नाना : हो. तुझ्या अहवालात नाहीये ते.

रेवती : आता येईल. नाना, ते आज काढायचं. लिस्ट नंतर.

नाना : काढतो. पण काढल्यावर तो माझ्या नावाने ओरडेल, डॉक्टर ट्रस्टींकडे जातील. तेव्हा आधी तुझी ती ओळ तयार ठेव, सर्व्हिसवाल्याची. पत्ता मी मिळवतो. आणि रिमार्कमध्ये विभागाच्या नावाबरोबर माझंही घाल. मी निवृत्त झाल्यावर घरी फोन आला तरी चालेल.